चुकलंमाकलं पदरात घे : भक्ती आणि कृपा यांचं नातं

गणपतीच्या दिवसांत तळकोकणातल्या घरी आरत्या रंगतात. 'घालीन लोटांगण'ला सगळे स्वतःभोवती गिरकी घेतात, मंत्रपुष्पांजलीची फुलं माटवीखालच्या, म्हणजे फळापानांनी सजवलेल्या छताखालच्या, मूर्तीवर पडतात, आणि मग घरातला जाणता माणूस हात जोडून पुढे होतो. संस्कृत संपलेलं असतं, आता मालवणीची पाळी. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. मुंबैक, पुण्याक जी पोरां पोट भरूक गेलीत तेंची राखण कर." प्रत्येक मागण्यानंतर मागून एका आवाजात येतं, "व्हय म्हाराजा!"

हे गाऱ्हाणं. शब्द घराघरात थोडे बदलतात. देवळात गाऱ्हाणं घालताना ग्रामदेवतेचं, सीमेचं, पूर्वसाचं म्हणजे गावाच्या मूळ पुरुषाचं नाव येतं. पण 'वेडीवाकडी सेवा' आणि 'चुकलं ते पदरात घे' हे दोन बोल सहसा गळत नाहीत.

भक्ती आणि कृपा हा विषय मोठमोठ्या आचार्यांनी शेकडो वर्षं चर्चिला. त्यातला कळीचा प्रश्न साधा आहे. देव भक्तीमुळे कृपा करत असेल, तर ती कृपा राहत नाही, मजुरी होते : इतकी जपमाळ, इतकं फळ. आणि भक्ती न करताही कृपा होत असेल, तर पहाटे उठून दुर्वा निवडायच्या कशाला? माझं मत असं की याचं उत्तर पूजेच्या शेवटच्या दोन मिनिटांत दडलेलं आहे. ती दोन मिनिटं आपण नैवेद्याच्या घाईत नीट ऐकत नाही.

पूजा पूर्ण झाली, तरी अपुरी

षोडशोपचार पूजेत सोळा उपचार असतात : आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य, असं करत नमस्कार, प्रदक्षिणा आणि मंत्रपुष्पापर्यंत. घरी आलेल्या पाहुण्याचं जसं करतो तसंच हे सगळं. भटजी एकेक उपचार सांगतात, यजमान पळीने पाणी सोडतो. सगळं यथासांग पार पडतं आणि शेवटी यजमानाच्या तोंडून काय वदवून घेतात?

"आवाहनं न जानामि, न जानामि तवार्चनम्. पूजां चैव न जानामि, क्षम्यतां परमेश्वर." मला तुला बोलावता येत नाही, तुझी अर्चा येत नाही, पूजा म्हणजे काय तेही ठाऊक नाही, क्षमा कर. तासभर पूजा केल्यावर हे! पुढचा श्लोक याहून पुढे जातो : "मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर, यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे." मंत्रात चुका, क्रियेत चुका, हे समजू शकतं. पण 'भक्तिहीनं'? ज्याच्यासाठी हा खटाटोप मांडला तीच माझ्यात नव्हती, असं कबूल करायचं आणि तरी म्हणायचं, हे पुरं होऊ दे.

हा नुसता नम्रपणाचा उपचार आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पूजेची रचनाच अशी आहे की माणसाने आपल्याकडून कसूर ठेवायची नाही, आणि सगळं करून झाल्यावर ते पुरं पडलं असं मात्र म्हणायचं नाही. जे उणं राहतं ते देवाने भरून काढायचं. त्या भरून काढण्याला कृपा म्हणतात. संस्कृत न शिकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी हेच 'वेडीवाकडी सेवा गोड मानून घे' असं म्हटलं. दोन्हींचा गाभा एकच आहे, आणि मालवणीतलं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात पदर आहे. पदरात घेणारी आई असते.

निवडतो कोण?

कठोपनिषदात एक मंत्र आहे : हा आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, पुष्कळ ऐकून-वाचूनही नाही. "यमेवैष वृणुते तेन लभ्यः", ज्याला हा निवडतो त्यालाच मिळतो. मुंडकोपनिषदातही हाच मंत्र आहे.

यावर दोन थोर आचार्यांची वाट वेगळी होते. शंकराचार्यांच्या मते इथे निवडणारा साधक आहे. त्याने इतर सगळं बाजूला सारून फक्त आत्म्यालाच मागितलं, म्हणून तो त्याला लाभला. रामानुजाचार्य म्हणतात, निवडणारा परमात्माच. आणि तो निवडतो कुणाला? जो त्याला अत्यंत प्रिय आहे त्याला, आणि प्रिय तो, ज्याला परमात्म्यावाचून राहवत नाही. एकाच ओळीत एकाला माणसाची ओढ दिसली, दुसऱ्याला देवाची.

रामानुजांच्या परंपरेतही पुढे वाद झाला आणि तमिळ मुलखात दोन पंथ पडले. वडकलै पंथाचं म्हणणं, भक्ताने काहीतरी धरायला हवं. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगतं, मग आई उडी मारते. हा मर्कटन्याय. तेंकलै पंथ म्हणतो, पिल्लाने काही करायची गरज नाही. मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून हवं तिथे नेते. हा मार्जारन्याय. वडकलै वेदान्त देशिकांना मानतात, तेंकलै पिळ्ळै लोकाचार्यांना, आणि दोघेही प्रकांड पंडित होते. हा वाद मिटला नाही, आणि तो मिटायची गरजही मला वाटत नाही. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही दिवस येतात. कधी घट्ट धरून राहावं लागतं, कधी हाताला धरायचं बळच उरत नाही.

भगवद्गीता यात फार माणुसकीने बोलते. बाराव्या अध्यायात, म्हणजे भक्तियोगात, कृष्ण अर्जुनाला आधी सांगतो, मन माझ्यावर स्थिर कर. लगेच पुढे : ते जमत नसेल तर अभ्यासाने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून, माझ्याकडे ये. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही होत नसेल तर निदान कर्माचं फळ सोडून दे. चार श्लोकांत कृष्ण एकेक पायरी खाली येतो. अर्जुनाने तक्रार केलेली नाही, सवलत मागितलेली नाही. माणसाला कुठपर्यंत जमेल ते सांगणाऱ्याला आधीच माहीत आहे आणि तो स्वतःच वाकतो आहे. कृपा कशी चालते हे दाखवायला मी कुणालाही हेच चार श्लोक वाचायला देईन.

ज्ञानेश्वरीत हाच बारावा अध्याय सुरू होतो तो गुरूच्या कृपादृष्टीला आई मानून केलेल्या स्तवनाने. म्हणजे भक्तीचं विवेचन करण्याआधी ज्ञानेश्वर कृपेला हाक मारतात. आधी भक्ती की आधी कृपा, या प्रश्नावर त्यांनी वाद घातला नाही, क्रम मात्र दाखवून दिला.

किनाऱ्यावर हा क्रम दरवर्षी दिसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात साधारण दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात हर्णैपासून मालवणपर्यंत जाळी विणली जातात, होड्या दुरुस्त होतात, रंग लागतो, इंजिन उघडून साफ होतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो. नारळ दिला म्हणून इंजिन तपासायचं राहू देणारा एकही तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तुम्हाला सापडणार नाही. आणि इंजिन नवंकोरं आहे म्हणून नारळ न देणाराही सहसा सापडणार नाही. ज्याला समुद्र ठाऊक आहे त्याला प्रयत्न आणि कृपा यांत एक निवडायची वेळच येत नाही.

मागावं की मागू नये

आरवलीच्या वेतोबाच्या देवळात गेलात तर भल्यामोठ्या चामडी चपला दिसतील. नवस फेडायला आणलेल्या. देव रात्री गावाच्या रखवालीला फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या ही श्रद्धा. केळ्यांचे घडही नवसाचे. कुणाला नोकरी लागली, कुणाचं आजारपण सरलं, कुणाच्या घरी पाळणा हलला.

शिकलेल्या माणसाला हे पाहून अवघडल्यासारखं होतं. ही कसली भक्ती, हा तर व्यवहार! तुकोबांनीही नवसावर आसूड ओढलेला आहे : "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती." तुकोबांचं म्हणणं खरं आहे. देव म्हणजे काम करून देणारा दलाल नव्हे.

पण गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत : आर्त, म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू, जाणून घ्यायची इच्छा असलेला, अर्थार्थी, काहीतरी हवं असलेला, आणि ज्ञानी. कृष्ण ज्ञानी भक्ताला आपला आत्माच मानतो, पण त्याआधी मोजक्याच शब्दांत बाकीच्यांनाही सांभाळून घेतो : "उदाराः सर्व एवैते." हे सगळेच थोर आहेत. मूल तापाने फणफणलं म्हणून देवीपुढे ओटी घेऊन उभी राहिलेली बाई या चौघांत पहिली आहे, आणि भगवंताने तिला उदार म्हटलंय. तिला हलकी लेखणारे आपण कोण?

म्हणून मागणं आणि करार यांत फरक करायला हवा असं मला वाटतं. 'हे झालं तर ते देईन' हा करार. त्यात देव बांधला जातो आणि माणूस हिशेब मागायला मोकळा. 'मला हे हवं आहे, तुझ्याशिवाय कुणाला सांगू' हे मागणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, चप्पल तीच, केळ्यांचा घड तोच. वेतोबापुढे उभा असलेला माणूस यांतला कुठला, हे त्याचं त्यालाच माहीत. बहुतेकदा दोन्ही एकत्रच असतात, आणि वर्षं जातात तसं एक मागे पडून दुसरं पुढे येतं.

गाऱ्हाण्यात आणखी एक गोष्ट असते. ते एकट्यासाठी नसतं. त्यात वाडी येते, गुरंढोरं येतात, चाकरमानी येतात, येणारा-जाणारा येतो, कधी कधी वाईट चिंतणाऱ्याला सुबुद्धी देण्याचंही मागणं येतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी देवाकडे जे मागितलं, त्यातही खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा जावो, हे सगळ्यात आधी आहे. तो ग्रंथ शके १२१२चा. मागणं वाईट असतं तर हा मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ मागण्यावर संपला नसता.

डावा कौल

आता अवघड भाग. मागितलं आणि मिळालं नाही, तर?

कोकणात देवाला विचारण्याची रीत आहे, कौल लावण्याची. देवळादेवळांत पद्धत वेगळी, पण ढोबळमानाने अशी : गुरव पाषाणावर किंवा मूर्तीवर ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ ठरलेल्या जागी चिकटवतो, देवाला प्रश्न सांगतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडचं पडलं तर उजवा कौल, होकार. डावीकडचं पडलं तर नकार. कधी बराच वेळ काहीच पडत नाही, तरी कुणी हलत नाही. डोळे त्या एका पाकळीवर.

मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्याही तिथीला बांधलेली नाही. ती कधी भरायची हे देवीच्या कौलाने ठरतं. मुंबईतले चाकरमानी त्या तारखेची वाट पाहत बसतात आणि ती कळली की कोकण रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात. लाखांच्या घरातल्या माणसांनी आपल्या रजा, आपला प्रवास, आपलं वेळापत्रक देवीच्या हाती देऊन ठेवलेलं असतं. पाकळी का पडते याचं भौतिक कारण सांगता येईल, त्याला माझी हरकत नाही. मला महत्त्वाची वाटते ती विचारणाऱ्याची तयारी. कौल लावणारा माणूस नकार ऐकायला तयार होऊनच आलेला असतो. डावा कौल आला म्हणून देवळात येणं थांबत नाही.

भागवतात हा विचार पार टोकाला नेलाय. दशम स्कंधात भगवान म्हणतात, "यस्याहमनुगृह्णामि हरिष्ये तद्धनं शनैः", ज्याच्यावर मी अनुग्रह करतो त्याचं धन हळूहळू काढून घेतो. आणि पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाकडे संकटं मागते, कारण संकटांतच त्याचं दर्शन घडलं होतं. म्हणजे कृपा आणि मनासारखं होणं ही एकच गोष्ट नाही, असं ग्रंथ स्पष्ट सांगतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हे वचन स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या नव्हे. वादळात होडी परतली नाही अशा घरी जाऊन 'हीही देवाची कृपाच' असं सांगणं ही भक्ती नाही. कुंतीने संकट स्वतःसाठी मागितलं होतं. ज्याच्यावर कोसळलंय त्याच्याजवळ बसावं, भात टाकावा, पोरांना सांभाळावं. नारदांच्या भक्तिसूत्रात भक्ती मिळण्याचं मुख्य साधन म्हणून भगवंताच्या कृपेच्या लेशाबरोबर थोरांची कृपाही सांगितली आहे. कृपा माणसांच्या हातूनही पोचते, हे त्या सूत्रात गृहीतच आहे.

मान वेगळा, कृपा वेगळी

आपल्या देवळांत मान असतात. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं. ही गावाची वहिवाट आहे आणि तिच्यामुळे शेकडो वर्षं देवळं चालली. पण मानापायी शिमग्यात पालख्या अडलेल्या आहेत, प्रकरणं कोर्टात गेलेली आहेत. मान वाटणीत मिळतो, कृपा नाही मिळत. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने सरळ सांगितलं, मी सर्व भूतांना सारखाच, मला कुणी नावडता नाही आणि लाडका नाही. जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात.

हे वचन पाठ असलेल्या लोकांनीच चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर ठेवलं. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मोकळं. सावरकरांनी पुढाकार घेतला, पैसा भागोजीशेठ कीर यांनी घातला. तसं मंदिर वेगळं बांधावं लागलं यात आपल्या समाजाची लाज आहे आणि ते बांधलं गेलं यात आशा आहे. कृपेवर पहारा बसवता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पूजेचा शेवटचा श्लोक ऐकलेलाच नसतो. 'भक्तिहीनं' असं स्वतःबद्दल म्हणणारा दुसऱ्याला उंबऱ्यावर कसा अडवेल?

गुरूची कृपा, आणि ती मागणारा गुरू

कोकणाला संतांची मोठी परंपरा आहे. पावसला स्वामी स्वरूपानंद, नाथपरंपरेतले. १९०३ ते १९७४ हा त्यांचा काळ. देसाई कुटुंबाच्या घरातल्या एका खोलीत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली आणि ज्ञानेश्वरी अभंगांत आणली. आलेल्या माणसाला सोऽहं साधना सांगितली. मोठा मठ नाही, मिरवणूक नाही. कुणी पैसे घेऊन कृपा मिळवून देतो म्हणत असेल, तर त्याला पावसच्या त्या खोलीशेजारी ठेवून बघावं. फरक आपोआप कळतो.

दुसरे माणगावचे टेंब्ये स्वामी, वासुदेवानंद सरस्वती. १८५४ साली कुडाळजवळच्या माणगावात जन्म, १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी. संन्यासाचे नियम त्यांनी इतके कडक पाळले की ऐकून दडपण येतं. सारा हिंदुस्थान पायी फिरले. अशा माणसाची साधना कुठे कमी पडणार? मर्कटन्यायातलं घट्ट धरणं म्हणजे काय ते त्यांच्याकडे पाहून कळावं.

त्यांची करुणात्रिपदी दत्ताच्या देवळांत रोज म्हटली जाते. तिची सुरुवात 'शांत हो श्रीगुरुदत्ता' अशी आहे. त्यात कुठेही 'मी इतकं चाललो, इतके नियम पाळले' असा शब्द नाही. भाषा सगळी अपराध्याची. आधी मान्य करतात की अपराधाबद्दल तू दंड उगारलास तर ते योग्यच आहे, आम्ही तुझे गुण गात पायावर डोकं ठेवू. आणि मग एकदम आईशी भांडावं तसं भांडतात : "तू तथापि दंडिसी देवा, कोणाचा मग करूं धावा?" तरीही तू शिक्षाच करणार असशील तर मी हाक मारू कुणाला? न्याय करणारा तूच, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायची तीही तुझ्याकडेच, कारण सोडवणारा दुसरा कुणी नाही.